गुरांच्या दवाखान्यांतील पर्यवेक्षक : त्याच्या अडचणी व आपलें कर्तव्य

मृग नक्षत्र जवळ आलें कीं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतील शेतकरी भाताचें बियाणें, नांगर व बैल यांच्या तयारीस लागतो. याच सुमारास वाडीवाडींतून एक मनुष्य फिरतांना दिसतो. मोटारसायकलीच्या मागें बर्फाची पेटी बांधलेली, खांद्यावर पिशवी, पिशवींत सुया, सिरिंजा, कानांत मारावयाचे बिल्ले व नोंदींचे कागद, अशा थाटानें तो गोठ्यापुढें येऊन उभा राहतो. आणि त्यास पाहतांच निम्मीं गुरें दावें तोडण्याच्या व निम्मे मालक सबब शोधण्याच्या मागें लागतात. त्यास आपण "डॉक्टर" म्हणतों. वस्तुतः तो बहुधा पदवीधर पशुवैद्य नसून पशुधन पर्यवेक्षक असतो, व त्याच्या सोबतीस कधीं एखादा व्रणोपचारक किंवा परिचर असतो. आतां कांहीं ठिकाणीं स्त्रियाहि हें काम करितात.

गुरांचे रोग व त्यांवरील औषधें यांविषयीं शेतकी मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. परंतु जो मनुष्य तें औषध गोठ्यापर्यंत आणतो त्याच्या कामाविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. आमच्या मतें ही मोठी उणीव आहे. कारण त्याच्या पुष्कळशा अडचणी आपल्याच गोठ्यांत उत्पन्न होतात, त्यांचें नुकसान अखेर आपणांसच सोसावें लागतें, आणि त्या दूर करण्यास पैसाहि फारसा लागत नाहीं. म्हणून या लेखांत त्याच्या रोजच्या कामाचें स्वरूप सांगून, त्यांत आपल्याकडून काय व्हावें याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

हा मनुष्य कोण ?

मुंबईंत परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. १८८९ सालीं पुण्यास जनावरांच्या रोगांचें संशोधन करणारी प्रयोगशाळा निघाली व ती १८९३ सालीं हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. इज्जतनगर येथील आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. शास्त्रीय पशुवैद्यकाशीं आपल्या प्रांताचा संबंध किती जुना आहे, हें यावरून दिसून येईल. परंतु प्रत्येक वाडीस पदवीधर पशुवैद्य मिळणें तेव्हांहि शक्य नव्हतें व आजहि नाहीं. म्हणून पशुवैद्याच्या हाताखालीं काम करणारा, थोड्या मुदतीचें शिक्षण घेतलेला असा हा पर्यवेक्षकांचा वर्ग निर्माण झाला.

त्याच्या अधिकारास कायद्यानें मर्यादा घातलेली आहे, व ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणें नोंदणीकृत पशुवैद्यावांचून इतरांस पशुवैद्यकाचा व्यवसाय करतां येत नाहीं. मात्र पदविका अथवा प्रमाणपत्र मिळविलेल्या पर्यवेक्षकास, नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीं व सूचनेप्रमाणें, किरकोळ सेवा करण्याची परवानगी राज्य सरकार देऊं शकतें. लस टोचणें, खच्चीकरण, जखमा बांधणें व प्राथमिक उपचार हीं कामें त्यांत येतात, व त्यांत आणखी कामांची भर घालण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे.

त्याची पहिली अडचण येथेंच सुरू होते. आपली गाय खाली बसून राहिली, कीं आपण त्यास म्हणतों, "डॉक्टर, एक इंजेक्शन मारून टाका." तो म्हणतो, "मोठ्या डॉक्टरांस विचारतों." हें ऐकून आपणांस वाटतें कीं यास कांहीं येत नाहीं. खरें पाहतां जो आपली मर्यादा ओळखून वरिष्ठांस विचारतो, तोच भरंवशाचा. उलट प्रत्येक दुखण्यावर एकच बाटली उपसणारा मनुष्य आपणांस हुशार वाटतो. पण त्यानें दिलेल्या औषधाचा अंश दुधांत उतरतो, जंतु त्या औषधास सरावतात, आणि पुढें खरी गरज पडेल तेव्हां तें औषध लागू पडत नाहीं. पर्यवेक्षकावर इंजेक्शनासाठीं जुलूम करणें म्हणजे त्यास कायदा मोडावयास लावणें व आपल्याच गोठ्याचें नुकसान करणें होय.

बुळकांडीचा धडा

हा मनुष्य घरोघर फिरल्यानें काय साधतें, असें कोणी विचारील. त्यास बुळकांडीचें उत्तर पुरेसें आहे. या रोगानें एके काळीं गांवेंच्या गांवें गुरांवांचून ओस पडत, व ऐन पेरणीच्या तोंडावर नांगरास बैल मिळत नसे. मुक्तेश्वर येथें १९२० नंतरच्या दशकांत बुळकांडीवर बकऱ्यांच्या शरीरांतून तयार केलेली लस सिद्ध झाली. १९५४ सालीं हा रोग नाहींसा करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देशांतील शेवटचा रोगी १९९५ सालीं आढळला, आणि २०११ सालीं सर्व जगांतून बुळकांडीचें उच्चाटन झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. मनुष्याच्या देवीच्या रोगानंतर पृथ्वीवरून समूळ नाहींसा झालेला हा दुसराच रोग होय.

लस शोधणाऱ्या विद्वानांचें श्रेय मोठें आहेच. परंतु लस बाटलींत राहून रोग जात नाहीं. ती शेवटच्या वाडींतील शेवटच्या गुरास टोचली गेली म्हणून बुळकांडी गेली, आणि तें टोचण्याचें काम या हाताखालच्या माणसांनींच पायपीट करून केलें. लाळ्या-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात यांविरुद्ध २०१९ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिचेंहि यश याच गोष्टीवर अवलंबून आहे. वाडींतील दहांपैकीं तीन घरांनीं गुरें लपविलीं तर रोगास राहावयास तीं तीन घरें पुरतात, व उरलेल्या सात घरांनीं सोसलेली खटपटहि पुष्कळ अंशीं वायां जाते.

वाट, पाऊस व माणसांची वाण

आपल्या जिल्ह्याची रचना पर्यवेक्षकास मुळींच अनुकूल नाहीं. एका बाजूस सह्याद्रि, दुसऱ्या बाजूस समुद्र, मधला सर्व मुलूख डोंगर, दऱ्या, सडे व खाड्या यांनीं तुटलेला. देशावर एका गांवठाणांत शंभर घरें एकत्र सांपडतात. येथें तेवढींच घरें दहा-बारा वाड्यांत विखुरलेलीं असतात, आणि एका वाडींतून दिसणारी दुसरी वाडी गांठण्यास मधला पऱ्या उतरून चढावा लागतो. वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणाऱ्या पावसांत तर कित्येक वाटा बंदच होतात. सकाळीं मंडणगडाच्या किंवा संगमेश्वराच्या डोंगराळ भागांत निघालेला पर्यवेक्षक दिवसभरांत किती गोठे करील, याचा हिशेब देशावरच्या मापानें करणें अन्यायाचें होईल.

दुसरी गोष्ट माणसांची. आपल्याकडील कर्तीं माणसें मुंबईस. घरीं म्हातारे आईबाप, सून व शाळेंत जाणारीं मुलें. गाय धरावयास कोण येणार ? सत्तरीच्या आजोबांनीं कासरा धरावा व पर्यवेक्षकानें मागून सुई टोचावी, हा देखावा आपल्याकडे नित्याचा आहे. त्यांत भात कापून झालें कीं गुरें मोकाट सोडण्याची आपली जुनी चाल. उन्हाळाभर तीं सड्यावर व रानांत हिंडतात, आणि पावसापूर्वींच्या लसीचा जो नेमका काळ, त्याच काळांत गोठा रिकामा असतो. पर्यवेक्षक येऊन हात हालवीत परत जातो, त्याच्या कागदावर "जनावर हजर नाहीं" एवढेंच राहतें, आणि भाद्रपदांत घटसर्पानें बैल गेला म्हणजे आपण नशिबास बोल लावतों.

खोडा नसलेला गोठा

या धंद्यांतील बहुतेक इजा लाथेनें, शिंगानें किंवा भिंतीशीं चेंगरल्यानें होतात. कोंकणचें गुरूं लहान खरें, पण तें रानांत वाढलेलें, चपळ व परक्या माणसास बुजणारें असतें. आपली कोंकण कपिला गाय, जी स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय यादींत नोंदली गेली आहे, ती डोंगर चढण्यांत जितकी तरबेज तितकीच पर्यवेक्षकाच्या हातून निसटण्यांतहि तरबेज आहे. अशा जनावरास माडाच्या किंवा फणसाच्या बुंध्याशीं आंखूड बांधून लस टोचणें, त्याच्या गुदद्वारांत हात घालून गर्भ तपासणें किंवा खुराची जखम धुणें, हें किती जोखमीचें आहे याचा अनुभव ज्यानें एकदां लाथ खाल्ली आहे त्यासच असतो. जनावर उसळलें तर सुई मोडून मांसांत राहते, औषध अर्धें बाहेर सांडतें, किंवा तीच सुई धरणाऱ्याच्या हातांत शिरते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे खोडा. तो प्रत्येक घरीं नको. वाडींत एक पुरे. आपल्या लहान जनावरांसाठीं आंत सुमारें पांच फूट लांब, दोन ते सव्वादोन फूट रुंद व साडेचार फूट उंच इतकी जागा राहील असे ऐनाचे किंवा किंजळाचे जाड खांब दोन-अडीच फूट खोल पुरावे. म्हशीसाठीं हें माप थोडें वाढवावें लागतें. बाजूंस आडव्या वाशांच्या दोन रांगा घट्ट बसवाव्या. पुढें मान अडकविण्यास एक व मागें ढुंगणाशीं एक अशी सरकती आडवी दांडी असावी. खालीं जांभ्याचे चिरे खडबडीत बाजू वर करून बसविले म्हणजे पावसांतहि पाय घसरत नाहीं. खोड्याची जागा गुरें रोज जातात त्या वाटेवर असावी, व रिकाम्या दिवशींहि गुरांस त्यांतून हाकीत न्यावें. म्हणजे लसीच्या दिवशीं तीं बुजत नाहींत. आरडाओरड करून व काठी मारून आंत ढकललेलें गुरूं दुसऱ्या वेळीं खोड्याच्या जवळहि येणार नाहीं.

लस व बर्फ

पर्यवेक्षकाजवळील पेटी ही त्याची सर्वांत मोठी काळजी. लसी साधारणपणें दोन ते आठ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत ठेवाव्या लागतात. त्याहून अधिक ऊब लागली तर लसीचा गुण जातो; आणि लाळ्या-खुरकुताच्या लसीसारखी लस गोठून बर्फ झाली तरीहि ती बिघडते. वाईट गोष्ट ही कीं बिघडलेली लस डोळ्यांस पुष्कळदां चांगल्या लसीसारखीच दिसते. वैशाखांतील उन्हांत, वीज वारंवार जाणाऱ्या मुलुखांत, दवाखान्यापासून शेवटच्या वाडीपर्यंत ही थंडाई राखणें सोपें नाहीं.

आतां आपलें वर्तन पाहा. सकाळीं सात वाजतां गुरें बांधून ठेवा, असा निरोप आलेला असतो. आपण साडेनवास गोठ्यांत शिरतों. बाटली एकदां फोडली म्हणजे तींतील सर्व मात्रा ठराविक वेळांत संपवाव्या लागतात. एकानें आतां, दुसऱ्यानें तासाभरानें व तिसऱ्यानें दुपारीं जनावर आणलें, तर एक तर लस फुकट जाते, नाहींतर कमी गुणाची लस टोचली जाते. म्हणून वाडींतील सर्वांनीं एकाच वेळीं, उन्हें तापण्यापूर्वीं गुरें हजर ठेवणें हेंच योग्य. पर्यवेक्षक प्रत्येक जनावरास सुई बदलतो, त्यास वेळ लागतो म्हणून कांहीं जण कुरकुरतात. एका गुराच्या रक्तांतील रोग सुईवाटें दुसऱ्यास जाऊं नये म्हणून तो असें करितो. ती त्याची दिरंगाई नसून आपल्यावर केलेला उपकार आहे.

घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वीं घ्यावी, कारण अंगांत प्रतिकारशक्ति उत्पन्न होण्यास दोन-तीन आठवडे जावे लागतात. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनीं, आणि सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांस आयुष्यांत एकदांच देतात. लसीनंतर एखादा-दुसरा दिवस थोडा ताप येणें, दूध कमी होणें, टोचल्या जागीं गांठ येणें हें स्वाभाविक आहे. एवढ्यावरून "लसीनें गाय आटली" अशी हाकाटी करणें योग्य नव्हे. मात्र गाय गाभण आहे किंवा आजारी आहे हें टोचण्याआधीं सांगणें, हें मालकाचें काम आहे. कानांत मारलेल्या बिल्ल्यावरील बारा आंकडे ही त्या जनावराची कायमची ओळख असून, कोणती लस केव्हां दिली हें त्यावरूनच समजतें. तेव्हां बिल्ला उपटून टाकणें म्हणजे आपल्या हातानें दप्तर जाळण्यासारखें आहे.

२०२२ सालीं राज्यांत गुरांस लंपी चर्मरोगाची मोठी सांथ आली, तेव्हां बकऱ्यांच्या देवीची लस गोवंशास टोचण्याची राज्यभर मोहीम झाली. अंगभर गांठी उठलेलें गुरूं पाहून घाबरलेल्या मालकांनीं त्या वेळीं पर्यवेक्षकाची वाट पाहिली. सांथ नसतां त्याच पर्यवेक्षकास दारांतून परत धाडूं नये, एवढीच आमची विनंति.

उशिरानें आलेलें बोलावणें

बहुतेक बोलावणीं घरगुती उपाय थकल्यावर येतात. पोट फुगलें म्हणून कोणी नळकांड्यानें तेल पाजतो. पाजतांना जनावराचें तोंड आभाळाकडे ओढून धरितो. तेल घशांतून पोटांत न जातां श्वासनळींत उतरतें, व पोटफुगीचें जनावर फुफ्फुसाच्या दाहानें मरतें. गाय अडली म्हणून शेजारची चार माणसें दोरी बांधून वासरूं ओढतात. वासरूं आडवें आहे कीं पाय दुमडलेला आहे हें पाहण्यापूर्वींच गर्भाशय फाटतें. वार अडकली तर तिला दगड बांधून ठेवतात. मग रात्रीं दहा वाजतां पर्यवेक्षकास दूरध्वनि जातो, आणि पहांटे जनावर मेलें म्हणजे "डॉक्टरनें मारलें" असा बोभाटा होतो. ज्यानें शेवटची सुई टोचली तोच दोषी ठरतो. आधींच्या चार दिवसांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

यासाठीं दोन गोष्टी पाळाव्या. एक, बोलावणें लवकर करावें. गुरानें रवंथ सोडली, किंवा व्यायल्यानंतर बारा तासांत वार पडली नाहीं, किंवा कळा देऊनहि तास-दोन तासांत वासराचे पाय पुढें आले नाहींत, तर वाट पाहूं नये. दुसरी, निरोपांत नेमकी माहिती द्यावी : दुखणें केव्हांपासून, चारापाणी व रवंथ आहे कीं नाहीं, शेण व लघवी कशी आहे, गाभण किती महिन्यांची, आणि आधीं कोणतें औषध पाजलें. घरांत एक थर्मामीटर ठेवावा. निरोगी गाईचा ताप गुदद्वारांत साधारण १०१ ते १०२॥ अंश फॅरनहीट असतो. त्याहून दोन अंश अधिक आढळल्यास तें आधीं सांगावें. एवढ्या माहितीवरून पर्यवेक्षक वरिष्ठ पशुवैद्यास विचारून योग्य तेंच औषध बरोबर आणूं शकतो व डोंगर दोनदां चढण्याचा त्याचा त्रास वांचतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं १९६२ हा विनामूल्य दूरध्वनि क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूनें लिहून ठेवावा.

माज ओळखण्याची जबाबदारी

कृत्रिम रेतनाच्या कामांत पर्यवेक्षकास सर्वांत अधिक दोष मिळतो. गोठवलेलें रेत शून्याखालीं १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रांत ठेवलेलें असतें, व तें द्रव सारखें उडून जात असतें. रेताची कांडी बाहेर काढून सुमारें ३७ अंशांच्या कोमट पाण्यांत अर्धा मिनिट धरून लगेच वापरावी लागते. एवढी काळजी त्यानें घेतली, तरी गाय माजावर केव्हां आली हें त्यास कसें कळावें ? तें आपणच सांगावयाचें.

गाय साधारण एकवीस दिवसांनीं माजावर येते व माज बारा ते अठरा तास टिकतो. सकाळीं माज दिसला तर संध्याकाळीं, व संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं रेतन करावें, हा नियम. म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो. ती ओरडत नाहीं, म्हणून सोट, वारंवार लघवी व दूध चोरणें यांवर लक्ष ठेवावें लागतें. काल माजावर आलेल्या गाईसाठीं आज दुपारीं निरोप पाठविला व ती गाभण राहिली नाहीं, तर दोष कांडीचा नव्हे आणि पर्यवेक्षकाचाहि नव्हे.

आणखी एक आग्रह आपण सोडला पाहिजे. लहान बांध्याच्या गांवठी गाईस मोठ्या विलायती वळूचेंच रेत पाहिजे असा हट्ट धरिल्यास गर्भ गाईच्या मानानें मोठा होऊन ती अडते. पर्यवेक्षक जेव्हां "या गाईस हें नको" म्हणतो, तेव्हां तो आपलें दूध बुडवीत नसून आपली गाय वांचवीत असतो.

त्याच्या जिवास असलेला धोका

लाथ दिसते, परंतु या धंद्यांतील मोठा धोका न दिसणारा आहे. सांसर्गिक गर्भपाताचे जंतु गाभ टाकलेल्या गाईच्या वारेंत व स्रावांत कोट्यवधि असतात. उघड्या हातानें ती वार काढणाऱ्यास उलटसुलट येणारा ताप, घाम व सांधेदुखी जडते, आणि कित्येक आठवडे औषध घ्यावें लागतें. या रोगाची लसहि जिवंत जंतूंची असते; म्हणून ती टोचतांना जनावर उसळून सुई पर्यवेक्षकाच्या बोटांत गेली किंवा थेंब डोळ्यांत उडाला, तर लसच त्यास रोग देऊं शकते. वासरूं नीट धरून न देणें हा आपला क्षुल्लक आळस नव्हे, हें यावरून कळेल. पावसाळ्यांत गोठ्यांतील चिखलांत उंदरांच्या व गुरांच्या लघवीवाटें लेप्टोच्या तापाचे जंतु असतात, व ते पायांच्या भेगांतून शरीरांत शिरतात. हा धोका पर्यवेक्षकाइतकाच आपल्या घरांतील बायकामुलांसहि आहे.

सर्वांत भयंकर तो पिसाळ रोग. प्रसंग बहुधा असा असतो : गाय लाळ गाळते, घांस गिळत नाहीं, आवाज बदलून सारखी हंबरते. घरच्यांस वाटतें, घशांत कोय किंवा काठीचा तुकडा अडकला आहे. मालक स्वतः तोंडांत हात घालून पाहतो, मग पर्यवेक्षकासहि तसेंच करावयास सांगतो. दोन महिन्यांपूर्वीं वाडींत पिसाळलेलें कुत्रें येऊन गेलें होतें ही गोष्ट कोणाच्या ध्यानांतहि नसते, अथवा असली तरी ती सांगत नाहींत. गाय दोन-चार दिवसांत मरते, आणि तिच्या लाळेनें भिजलेल्या हातांवर एखादा ओरखडा असेल तर त्या माणसाचा जीव टांगणीस लागतो. कारण या रोगाचीं लक्षणें मनुष्यांत एकदां दिसूं लागल्यावर तो जवळजवळ कधींच वांचत नाहीं. म्हणून न गिळणाऱ्या व लाळ गाळणाऱ्या गुराच्या तोंडांत उघडा हात घालूं नये, कुत्रें किंवा कोल्हा चावल्याची शंका सर्वांआधीं सांगावी, लाळ लागलेली जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस सुरू करावी. पर्यवेक्षकांस ही लस आगाऊच मिळालेली असली पाहिजे. ती मिळाली आहे किंवा नाहीं हें विचारणें गांवाचें काम आहे, व मिळाली नसल्यास तसा अर्ज ग्रामसभेनें करावा.

आपण काय करावें

वर सांगितलेल्या सर्व गोष्टींचा सारांश सहा नियमांत मांडतों. (१) पावसापूर्वीं प्रत्येक वाडीनें एक खोडा उभारावा. (२) लसीच्या आदल्या संध्याकाळीं मोकाट गुरें रानांतून आणून बांधावीं व सकाळीं वेळेवर हजर ठेवावीं. (३) ज्यांच्या घरीं धरणारें माणूस नाहीं त्यांच्यासाठीं वाडींतील दोन तरुणांनीं पाळीपाळीनें सोबत करावी. (४) गोठ्यापाशीं पाण्याची बादली, साबण व स्वच्छ फडकें ठेवावें. पर्यवेक्षकाच्या पेटीसाठीं घरांतील बर्फ द्यावा. (५) टाकलेला गाभ व वार उघड्या हातानें न उचलतां खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावी, व तशी खबर दवाखान्यांत द्यावी. (६) आधीं केलेले उपाय न लपवितां सांगावे, आणि जें इंजेक्शन तो देत नाहीं त्यासाठीं हट्ट धरूं नये.

पर्यवेक्षकांतहि कामचुकार असतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. तशी तक्रार असल्यास ती लेखी व वेळेवर करावी. परंतु जो पावसांत भिजत आपल्या दारीं येतो, त्यास बसावयास घोंगडी व प्यावयास घोटभर चहा देऊन, त्याच्या हातीं नीट बांधलेलें जनावर देणें हें आपल्या हातचें आहे. गोठ्यांतील एक बैल म्हणजे लहान शेतकऱ्याची निम्मी शेती. ती राखण्यासाठीं हा मनुष्य रोज आपला हात धोक्यांत घालीत असतो. तो हात सुखरूप राहील एवढी व्यवस्था येत्या मृगापूर्वीं आपल्या सभासदांनीं आपापल्या वाडींत करावी, असें सुचवून हा लेख पुरा करितों.